हिंगोलीचा प्रतिष्ठित व्यापारी

हिंगोलीच्या छावणीबाजारात सुमारे एकशे नव्वद वर्षांपूर्वी हरिसिंग नावाचा एक व्यापारी होता. बाजारातल्या मोठ्या असामींत त्याची गणना होई. छावणीतले गोरे अधिकारी त्याच्याशी रोजची देवघेव करीत आणि त्याच्या शब्दावर विश्वास ठेवीत. मुलूख निजामाचा, छावणी हैदराबाद फौजेची आणि गिऱ्हाईक बारमाही बांधलेले. अशा ठिकाणी पत असलेल्या व्यापाऱ्याला कशाची वाण पडावी?

एकदा हरिसिंगाने त्या भागाचा मुलकी कारभार पाहणाऱ्या कॅप्टन रेनॉल्ड्स यांच्याकडे अर्ज केला. मुंबईहून आपले काही कापड येत आहे, त्यासाठी परवाना मिळावा, एवढेच त्याचे मागणे होते. परवाना मिळाला. कापड आले, छावणीत राजरोस विकले गेले आणि ज्याचे त्याला पैसे पोहोचले. कोणाला काही वावगे वाटले नाही. पुढे हरिसिंग पकडला गेला, तेव्हा त्याने आपल्या तोंडानेच सांगितले की ते कापड त्याचे नव्हते. हिंगोलीपासून फार लांब नसलेल्या एका गावचा व्यापारी तो माल घेऊन मुंबईहून परतत होता आणि ही खबर हरिसिंगाला लागली होती. वाटेत त्याने त्या व्यापाऱ्याला, त्याच्या नोकरांना आणि बैल हाकणाऱ्यांना ठार केले आणि माल स्वतःच्या परवान्यावर हिंगोलीत आणला. परवाना आधी काढला होता. खून मागाहून केला. हे सारे सांगताना त्याला पश्चात्ताप नव्हता. छान गंमत केली, अशा थाटात तो बोलत होता.

ही हकिकत फिलिप मेडोज टेलर या इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेवली आहे. १८३९ साली लंडनला प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या कादंबरीच्या प्रस्तावनेत ती आहे. कादंबरीचा नायक कल्पित. प्रस्तावनेतला हरिसिंग मात्र खरा. टेलर स्वतः त्याच्याशी व्यवहार करणाऱ्यांपैकी एक होता. या टेलरची गोष्टही आपल्या वाचकांना रंजक वाटेल. पंधरा-सोळा वर्षांचा असताना तो मुंबईच्या एका इंग्रज पेढीवर उमेदवारी करण्यासाठी विलायतेहून आला. येऊन पाहतो तो पेढीच डबघाईला आलेली. मग ओळखीपाळखीने तो निजामाच्या चाकरीत शिरला. पेढी चालती असती, तर हा मुलगा व्यापारी झाला असता आणि हिंगोलीचा हरिसिंग कदाचित कोणाच्याच लेखणीत उतरला नसता.

आपल्या जिल्ह्यातील वाचकांनी ही कथा परमुलखातली समजू नये. १ मे १९९९ रोजी हिंगोली स्वतंत्र जिल्हा झाला, त्यापूर्वी तो परभणीचाच भाग होता. शिरड शहापूरचे आपले मल्लिनाथ क्षेत्र आज ज्या जिल्ह्यात आहे, तोच हा प्रदेश. येथल्या बाजारात, येथल्या पेठेत, आपल्यासारखाच धंदा करणाऱ्या माणसांच्या डोळ्यांदेखत हे घडले.

हरिसिंग ठगांच्या टोळीचा नायक होता. ठग हा शब्द आज आपण लबाड माणसासाठी सैलपणे वापरतो. त्या काळी तो एका धंद्याचे नाव होता. दक्षिणेत त्यांना फासीगार म्हणत. हे लोक दरोडेखोरांसारखे घरावर चालून येत नसत. ते वाटेवर भेटत. कधी यात्रेकरू, कधी शिपाई, बहुतेक वेळा व्यापारी अशा वेषात. टोळीतला गोड बोलणारा माणूस प्रथम ओळख काढी. आपण एकाच वाटेचे, वाट धोक्याची, चार माणसे बरोबर असलेली बरी, असे तो म्हणे. चोराच्या भीतीनेच प्रवासी चोराच्या सोबतीला येत असे. दोन-चार मुक्काम एकत्र घडत, विश्वास बसे आणि मग एखाद्या एकान्त जागी गळ्याभोवती रुमाल आवळला जाई. प्रेते पुरण्याची जागा आधी हेरून ठेवलेली असे. रक्त सांडत नसे, आरडाओरडा होत नसे, साक्षीला कोणी उरत नसे.

यात सर्वांत हाल होत ते मागे राहिलेल्या घरांचे. मुंबई, इंदूर किंवा हैदराबादला गेलेला माणूस चार महिन्यांनी परतणार हे धरलेलेच असे. चार महिन्यांचे सहा होत, सहाचे वर्ष. नदीला पूर आला असेल, कोठे आजारी पडला असेल, वसुली अडली असेल, अशी घरची माणसे एकमेकांची समजूत घालीत. फिर्याद करायची तरी कोणाकडे? माणूस निघाला निजामाच्या हद्दीतून, पोहोचायचा कंपनीच्या हद्दीत, आणि मध्ये शिंदे-होळकरांचे मुलूख. माणूस कोणत्या हद्दीत नाहीसा झाला हेच ठाऊक नसे, तेव्हा तो शोधणे कोणत्याच अंमलदाराचे काम ठरत नसे. पुष्कळ पेढ्यांच्या जुन्या वह्यांत काही खाती अशी अर्धवट थांबलेली असतील. पुढचे पान कोरे.

वाटेवरच्या चोरांचा धाक आपल्या पूर्वजांना किती होता, याचा एक दाखला कवी बनारसीदासांच्या ‘अर्धकथानक’ या आत्मचरित्रात मिळतो. १६४१ साली पूर्ण झालेले हे एका जैन व्यापाऱ्याचे आत्मवृत्त. व्यापारासाठी फिरत असताना बनारसीदास आणि त्यांचे दोघे सोबती रात्री वाट चुकले आणि नेमके चोरांच्या वस्तीत जाऊन पोहोचले. तेव्हा त्यांनी आपण ब्राह्मण असल्याची बतावणी केली. चोरांच्या मुखियाने त्यांचा आदरसत्कार केला. रात्री या तिघांनी सुताची जानवी वळून गळ्यात घातली, मातीचा टिळा लावला आणि जीव वाचवला. तेथे व्यापाऱ्याने चोरांपुढे सोंग घेतले; हिंगोलीत चोराने व्यापाऱ्याचे सोंग घेतले आणि ते वर्षानुवर्षे निभावून नेले.

ठगांचा माग काढला तो विल्यम स्लीमन या अधिकाऱ्याने. त्याची तपासाची रीत आज कोणत्याही पोलीस ठाण्यात ओळखीची वाटेल. त्या काळी ती नवी होती. पकडलेल्या ठगांपैकी जो कबूल होईल त्याला माफीचा साक्षीदार करायचे. त्याच्याकडून टोळीतल्या प्रत्येकाचे नाव, गाव, नातेसंबंध, कोणत्या मोहिमेत कोण होते, हे सर्व टिपून घ्यायचे. मग दुसऱ्याला वेगळे बसवून तेच प्रश्न विचारायचे आणि दोन्ही जबान्या ताडून पाहायच्या. ठग घराण्यांच्या वंशावळी त्याने तयार करवल्या, त्यांच्या सांकेतिक बोलीचा कोश केला आणि तो १८३६ मध्ये छापला. फिरंगिया नावाचा एक नामांकित नायक १८३०च्या सुमारास हाती लागला आणि त्याच्या तोंडून टोळ्यांमागून टोळ्या उलगडत गेल्या. शब्दाला आधार जमिनीचा असे. साक्षीदाराने दाखवावे आणि तेथे खणावे.

हिंगोलीतही असेच खणले गेले. हरिसिंगाच्या टोळीने छावणीच्या बाजारातच, मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत अनेक माणसे मारली होती, आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर पुरली होती. नदीला मिळणारा एक कोरडा ओहळ, खंदकाइतकाच रुंद आणि खोल. शेजारून गावाकडे जाणारा रहदारीचा रस्ता. माफीचे साक्षीदार अगदी थंडपणे एकेक जागा दाखवीत होते आणि एकेका खड्ड्यातून अनेक देह निघत होते. टेलर तेथे हजर होता. पाहणाऱ्यांना शेवटी इतकी शिसारी आली की पुढचे खोदकाम त्यांनी थांबवले. त्या खड्ड्यांमध्ये कोण होते, त्यांची नावे कोठेही नाहीत.

त्या कापडवाल्या व्यापाऱ्याचे नावही टेलरने दिलेले नाही. त्याच्या घरच्यांना पुढे काही कळले की नाही, हेही त्याने लिहिलेले नाही.

ही कथा वाचल्यापासून माझ्या मनात हरिसिंगापेक्षा वेगळ्याच माणसांचा विचार घोळतो आहे. हिंगोलीच्या बाजारात ते कापड विकत घेणारे कोण होते? छावणीतले शिपाई असतील, अधिकारी असतील, आणि ठाणांवर ठाण उचलणारे आसपासचे किरकोळ दुकानदारही असतीलच. कापडाच्या धंद्यात मुरलेल्या माणसाला गाठोडे पाहून कळते की ते कोणाच्या हाताने बांधलेले आहे. खुणा असतात, आकडे असतात, मुंबईच्या पेढीची निशाणी असते. शेजारच्या गावचा व्यापारी मुंबईला खरेदीला गेला आहे, ही बातमी हरिसिंगाला होती, म्हणजे ती बाजारालाही असणार. तो परतला नाही आणि त्याच सुमारास हरिसिंगाकडे मुंबईचा माल उतरला. दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहणारा एकही माणूस त्या बाजारात नव्हता काय? की होता, पण परवाना आहे, भाव बरा आहे, माणूस वजनदार आहे, आपण कशाला बोला, असे म्हणून त्याने थान मापून घेतले? मी कोणावर आरोप करीत नाही. प्रश्न मात्र सुटत नाही.

कारण चोराला कापड नेसायचे नसते. त्याला पैसे हवे असतात, आणि चोरीच्या मालाचे पैसे करून देणारा माणूस चोर नसतो. तो दुकानदार असतो.

आपल्या आचार्यांनी ही गोष्ट फार पूर्वी ओळखली होती. श्रावकाच्या तिसऱ्या अणुव्रताचे, अचौर्याचे, पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत, आणि हा ग्रंथ दिगंबर आणि श्वेतांबर दोन्ही परंपरांना मान्य आहे. या पाचांत घर फोडणे नाही की खिसा कापणे नाही. तसे करणारा व्रतीच नव्हे, मग त्याच्या अतिचाराची चर्चा कशाला? अतिचार सांगितले आहेत ते गादीवर बसलेल्या माणसाचे: चोराला प्रोत्साहन देणे, चोरीने आणलेला माल घेणे, राज्याचे नियम मोडून व्यापार करणे, घेताना एक आणि देताना दुसरे माप वापरणे, खऱ्यात खोटे मिसळून विकणे. दुसऱ्याचे नाव तदाहृतादान. प्रतिक्रमणात आपण या अतिचारांचे आलोचन करतो. ‘तेनाहड’ हा शब्द किती वेळा ओठांवरून गेला असेल! त्याचा अर्थ आपल्या गल्ल्याशी येऊन थांबतो, हे मला तरी पन्नाशी ओलांडल्यावर नीट कळले.

चोर आणि शोधक यांची आपल्या परंपरेतली सर्वांत सुंदर कथा रौहिणेयाची आहे. हेमचंद्राचार्यांनी ती सांगितली आहे आणि रामभद्रमुनींनी तिच्यावर ‘प्रबुद्धरौहिणेय’ हे संस्कृत नाटक लिहिले आहे. मुलांना ती आपण थोडक्यात सांगतो: चोराच्या पायात काटा रुतला, भगवंतांचे चार शब्द कानी पडले आणि त्याचा उद्धार झाला. पण तपासकथा म्हणून ती मोठ्यांनी पुन्हा वाचावी अशी आहे.

राजगृहाजवळच्या वैभारगिरीच्या गुहेत लोहखुर नावाचा चोर राहत असे. मरताना त्याने मुलाला एकच बजावले: महावीराचे वचन कधी ऐकू नकोस. मुलगा रौहिणेय बापाच्या वरचढ निघाला. नगर त्रस्त झाले, महाजन राजा श्रेणिकाकडे गेले आणि तपास अभयकुमाराकडे आला. अभयकुमार म्हणजे राजाचा पुत्र आणि मंत्रीही. बुद्धीसाठी त्याची ख्याती एवढी की आजही दिवाळीच्या वहीपूजनात आपण अभयकुमाराची बुद्धी मागतो. त्याने नगराला गुपचूप वेढा घातला आणि चोर सापडला. राजा म्हणाला, सुळी द्या. अभयकुमाराने हात आडवा घातला. याच्याजवळ मुद्देमाल नाही, याने कबूल केलेले नाही, मग शिक्षा कशाच्या आधारावर?

चोराला विचारले तेव्हा तो म्हणाला, मी शालिग्रामचा गृहस्थ, माझे नाव दुर्गचंड. कामासाठी नगरात आलो होतो, रात्र झाली, पहारेकऱ्यांना भिऊन तटावरून उडी टाकली. शालिग्रामला माणूस पाठवला. गावकरी म्हणाले, होय, दुर्गचंड आमच्याच गावचा, कालच बाहेरगावी गेला. गावाला त्याने आधीच पढवून ठेवले होते. येथे हरिसिंगाची आठवण होते. गुहेत चोर, गावात गृहस्थ. आणि विचारणारा आला की गाव गृहस्थाच्या बाजूने साक्ष देते.

मग अभयकुमाराने तो प्रसिद्ध डाव टाकला. चोराला मद्य पाजून बेशुद्ध केले आणि स्वर्गासारख्या सजवलेल्या महालात निजवले. जागा होतो तो भोवती अप्सरा, गंधर्व, गीत, नृत्य. तुम्ही या विमानाचे स्वामी म्हणून जन्मला आहात, असे त्याला सांगण्यात आले. येथला रिवाज असा की आधी पूर्वजन्मीची सुकृते आणि दुष्कृते सांगायची, मगच भोग. सापळा बिनचूक होता. पण एकदा समवसरणाजवळून कानांवर हात ठेवून पळताना रौहिणेयाच्या पायात काटा रुतला होता, तो काढण्यासाठी हात खाली आला होता आणि तेवढ्यात देवांचे वर्णन त्याच्या कानी पडले होते. देवांच्या पापण्या लवत नाहीत, त्यांच्या माळा कोमेजत नाहीत, त्यांना घाम येत नाही, त्यांचे पाय जमिनीला लागत नाहीत. त्याने समोर पाहिले. अप्सरांच्या पापण्या लवत होत्या, कपाळावर घाम होता, माळा सुकल्या होत्या, पाय जमिनीवर होते. तो म्हणाला, मी पूर्वजन्मी दाने दिली, मंदिरे बांधली, गुरुसेवा केली. दुष्कृत्य म्हणाल तर एकही नाही.

अभयकुमार हरला. हरल्यावर त्याने काय केले, हे मला या कथेतले सर्वांत मोलाचे वाटते. त्याने चोराला सोडून दिले. माहीत असूनही सोडले, कारण सिद्ध करता आले नव्हते. नंतर रौहिणेय आपणहून भगवंतांच्या चरणी गेला, राजापुढे सर्व कबूल केले आणि डोंगरात, नदीकाठी, स्मशानात पुरलेला माल दाखवून दिला. अभयकुमाराने तो ज्याचा त्याला परत केला. दीक्षा त्यानंतर झाली. आधी माल मालकाच्या घरी गेला, मग चोर मुनिसंघात गेला.

स्लीमनच्या तपासाला अभयकुमाराची ही मर्यादा नव्हती, असे अलीकडच्या अनेक इतिहासकारांचे म्हणणे आहे. माफीच्या साक्षीदाराचा जीव दुसऱ्यांची नावे घेण्यावर टिकलेला असे. तो खरी नावे घेईल तशी खोटीही घेईल. १८३६च्या कायद्याने तर अमुक गुन्हा केला हे सिद्ध करण्याची गरजही उरली नाही; ठगांच्या टोळीचा सदस्य असणे एवढेच जन्मठेपेला पुरेसे झाले. मढी खोटी नव्हती, हिंगोलीच्या ओहळातले देह खोटे नव्हते. तरीही त्या लाटेत किती निरपराध वाहून गेले असतील, हा प्रश्न उरतोच. पुढे १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा आला आणि माणूस जन्मतःच चोर ठरवण्याची सोय झाली. जातीच्या जाती नोंदवहीत चढल्या. पोलिसांकडे हजेरी, गाव सोडायला परवानगी. १९५२ साली स्वतंत्र भारताने तो कायदा रद्द केला. त्या जमातींना आपण आता विमुक्त म्हणतो. पण आजही एखाद्या गावात चोरी झाली की पहिली धाड पारध्यांच्या पालावर पडते, हे मराठवाड्यातल्या कोणाला सांगायला नको. हिंगोलीचा चोर पालावर राहत नव्हता. त्याचे घर बाजारात होते आणि साहेबांच्या कचेरीत त्याला परवाना मिळत होता.

आज ठग नाहीत. त्यांच्यासाठी निघालेले खातेही १९०४ साली बंद होऊन केंद्रीय गुप्तवार्ता विभागात रूपांतरित झाले. चोरीचा माल मात्र आजही बाजारातच येतो. आपल्या भागात शेतातल्या विहिरीवरची मोटार आणि तिची केबल रात्रीतून नाहीशी होते. केबल जाळून तांबे काढतात आणि ते तांबे कोणाच्या तरी तराजूवर चढते. गोदामातली सोयाबीनची पोती जातात आणि कोठल्या तरी मोंढ्यात ती दुसऱ्याच शेतकऱ्याच्या नावावर लागतात. गळ्यातली पोत हिसकावली जाते, चार दिवसांत तिची लगड होते. लगडीवर कोणाच्या सौभाग्याची खूण राहत नाही.

कायदा याबाबत बराच कडक आहे आणि आपल्या तरुण मंडळींना तो पुरेसा माहीत नसतो. साध्या चोरीला जास्तीत जास्त तीन वर्षांची शिक्षा. चोरीचा माल आहे हे ठाऊक असून, किंवा तसे मानायला सबळ कारण असून, अप्रामाणिकपणे तो घेणाऱ्यालाही तीन वर्षांपर्यंतच. पण असा माल घेण्याचा ज्याने धंदाच मांडला, त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. जुन्या दंडसंहितेत ही कलमे ४११ आणि ४१३ होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती कलम ३१७ मध्ये आहेत. सराईत चोरापेक्षा सराईत घेणारा कायद्याच्या नजरेत भारी आहे. शिवाय १९३० च्या माल विक्री कायद्याप्रमाणे ज्याची मालकी नाही त्याच्याकडून घेतलेल्या वस्तूची मालकी सहसा घेणाऱ्यालाही मिळत नाही. पैसे मोजले, पावती घेतली, तरी वस्तू मूळ मालकाची.

यावर आमच्या सराफ बांधवांचे म्हणणे असते की पोलीस आरोपीला घेऊन दुकानात येतात, तो बोट दाखवतो आणि त्या बोटावर आम्ही चोर ठरतो. नाव खराब होऊ नये म्हणून तेवढे सोने घरचे काढून देणारेही आहेत. ही तक्रार खोटी नाही. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब न्यायालयात पुरावा ठरत नाही. त्यावरून प्रत्यक्षात जी वस्तू सापडली, तेवढ्याशी संबंधित भागालाच किंमत असते. अभयकुमाराचा मुद्दाही तोच होता. तेव्हा अशा वेळी घाबरून घरचे सोने देऊ नये, वकिलाला बोलवावे, पंचनाम्याची प्रत मागावी. मात्र हे ताठ मानेने करता यावे यासाठी आपल्या वहीत त्या दिवसाची नोंद असावी लागते.

माझ्या काकांचे परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी भांड्यांचे दुकान होते. शाळेला सुटी लागली की मी तेथे बसत असे. जुनी पितळी-तांब्याची भांडी लोक मोड म्हणून घालीत आणि नवी घेत. एके दिवशी संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळी एक माणूस तांब्याची घागर घेऊन आला. त्याला नवे काही नको होते, पैसे हवे होते. घागर मोठी, जुन्या घडणीची, जड. काकांनी ती उलटी करून पाहिली. गळ्याजवळ नाव कोरलेले असते ती जागा कानशीने खरवडलेली होती. ताजी होती, तांबे तेथे लालबुंद चमकत होते.

मी म्हटले, “काका, नाव खरवडलंय.”

काकांनी माझ्याकडे पाहिले नाही. घागर तराजूत ठेवीत ते म्हणाले, “मोड म्हणून घेतोय बाळ. नाव वितळतं.”

त्या दिवशी मोडीच्या चालू भावापेक्षा बराच कमी भाव त्यांनी दिला, आणि त्या माणसाने घासाघीस केली नाही.

पंधरा-वीस दिवसांनी हवालदार त्याच माणसाला घेऊन दुकानात आले. मागे एक म्हातारी होती, पदर तोंडाला धरलेला. घागर मोडीच्या ढिगाबरोबर कधीच भट्टीला गेली होती. काकांनी ते खरे ते सांगितले. घागरीचे पूर्ण पैसे, नव्याच्या भावाने, त्यांनी म्हातारीपुढे ठेवले. तिने ते घेतले. जाताना ती कोणाला उद्देशून नव्हे, नुसतीच म्हणाली, “माझ्या आईचं नाव होतं वर.” प्रकरण तेथेच मिटले. गावात कोणी काही बोलले नाही. काकांची पत तशीच राहिली.

त्या रात्री काकांनी जेवण केले नाही. काकूंनी विचारले तर म्हणाले, उपवास आहे. तिथी कोणतीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कागदाच्या दुकानातून लाल कापडी पुठ्ठ्याची एक लांब वही आणायला पाठवले. तीत स्वतःच्या हाताने रकाने आखले: तारीख, विकणाऱ्याचे नाव व गाव, वस्तू, वजन, भाव, भांड्यावर कोरलेले नाव, अंगठा. अनोळखी माणूस पैसे मागत असेल तर ते माल ठेवून घेत आणि आठ दिवसांनी या म्हणत. पुष्कळजण पुन्हा येत नसत, आणि ते भांडे काका फळीवर दिसेल असे मांडून ठेवीत. या कटकटीमुळे बरीच मोड शेजारच्या दुकानी जाऊ लागली. काकू कधीकधी कुरकुरत. दुकान काकांच्या माघारी बंद झाले, ती वही माझ्याकडे आली.

पहिल्या पानावरची पहिली नोंद वही आणली त्या दिवसाची नाही. तारीख मागची घातलेली आहे. वस्तू: तांब्याची घागर, नग एक. वजन आणि भाव लिहिलेले आहेत. विकणाऱ्याच्या नावाचा रकाना कोरा आहे, अंगठाही नाही. भांड्यावर कोरलेले नाव या रकान्यात काकांच्या मोडी वळणाच्या अक्षरात एकच शब्द आहे: होते.